बर्लिनच्या धुळीतला टी-३४/८५ : १/३५ रणगाडा जोडण्यापासून वेदरिंगपर्यंत

रणगाड्यावरचा प्रत्येक डाग कशामुळे तरी पडलेला असतो. चढता-उतरता बूट घासले की कडेचा रंग उडतो. इंधन भरताना डिझेल सांडलं की तेलकट ओघळ उरतो. चाकांनी उडवलेला चिखल ठरावीक जागीच साचतो. ही कारणं ठाऊक नसताना मारलेला गंज आणि चिखल कितीही सफाईचा असला तरी मॉडेल खोटं वाटतं. म्हणून इथे एकच गाडी घेतली आहे: एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनमध्ये शिरलेला सोव्हिएत टी-३४/८५, प्रमाण १/३५. भाग तुलनेने कमी आणि आकार साधा असल्यामुळे पहिल्यांदा रणगाडा जोडणाऱ्यालाही तो झेपतो. तोफेसकट लांबी साधारण २३ सेंटिमीटर भरते.

एक गणित सतत डोक्यात ठेवा. मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे साडेतीन सेंटिमीटर. रंग उडाल्याचा २ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या पोलादावर तळहाताएवढी जागा उघडी पडलेली. वेदरिंगमधल्या, म्हणजे वापराच्या आणि हवामानाच्या खुणा रंगवण्याच्या कामातल्या, निम्म्या चुका या गणिताकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

आधी गाडी समजून घ्या

टी-३४ चं इंजिन मागे, ट्रॅक (कड्यांचा पट्टा) फिरवणारं ड्राइव्ह चाक मागे आणि तो ताणणारं आयडलर चाक पुढे. प्रत्येक बाजूला रबरी कडेच्या जोडचाकांच्या पाच जोड्या. वरच्या बाजूने ट्रॅक पेलायला वेगळे रोलर नाहीत, त्यामुळे ट्रॅकचा वरचा पट्टा थेट चाकांच्या माथ्यावर टेकतो आणि दोन चाकांमध्ये खाली झुकतो. हा झोल चुकला तर गाडी कितीही छान रंगवा, टी-३४ वाटत नाही.

ड्राइव्ह चाकाला बाहेरून दाते नसतात. आत सहा रोलर असतात आणि ते ट्रॅकच्या कड्यांवरच्या उभ्या शिंगांना ढकलतात. शिंग सगळ्या कड्यांना नसतं. एक शिंगवाली, एक सपाट, अशा आलटूनपालटून ७२ कड्या एका बाजूला.

इंजिन डिझेलचं, आणि मागच्या प्लेटमधून दोन एक्झॉस्ट बाहेर येतात. हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या खालच्या मुख्य धडाच्या, बाजूंना इंधनाचे गोल पिंप टांगलेले. टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता बुरूज, ओतीव पोलादाचा, तर हलच्या प्लेट लाटलेल्या आणि वेल्ड केलेल्या. शिवाय या गाड्यांवर पायदळाचे सैनिक बसून जात, त्यासाठी टरेट आणि हलवर धरायला दांड्या होत्या. या एका माहितीवरून रंग कुठे झिजणार ते ठरतं: दांड्या, टरेटच्या मागचा इंजिन डेक (इंजिनावरचं आडवं छत) आणि फेंडरच्या कडा.

आघाडीवरचे हे रणगाडे फार जगत नसत. १९४५ च्या वसंतात लढणारी बरीच वाहनं काही महिन्यांपूर्वीच कारखान्यातून निघालेली होती. तेव्हा अंगभर खोल गंज दाखवू नका. धूळ, चिखल, तेल आणि काजळी भरपूर, गंज मोजका, हे या गाडीचं खरं रूप.

हत्यारं आणि सामान

स्प्रू, म्हणजे भाग ज्याला जोडून येतात ती प्लास्टिकची चौकट, कापायची एकतर्फी धारेची कात्री, नवं पातं असलेला हॉबी नाइफ, ४००, ६०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर, चिमटा, प्लास्टिक चिकटवायचा पातळ सिमेंट आणि थोडा घट्ट सिमेंट. फेविक्विक लागेल, पण फक्त तांब्याची तार किंवा रबरासारखा व्हिनाइल ट्रॅक चिकटवायला. प्लास्टिक-प्लास्टिक जोडाला ते नको: जोड ठिसूळ होतो आणि आजूबाजूला पांढरी वाफ बसते. पातळ सिमेंट प्लास्टिक किंचित विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो. सुकल्यावर तो जोड भागाइतकाच मजबूत असतो.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर स्वस्त असला तरी मॉडेलवर वापरू नका, तो प्लास्टिक वितळवतो. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन) धुवायला चालेल. स्प्रे आणि थिनरचं काम खिडकी उघडी ठेवून, वाफा अडवणारा फिल्टरचा मास्क लावून करा. कापडी मास्कने वाफ अडत नाही. जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही पेटतं नको.

जोडणी

स्प्रू कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थेंब टाकून धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर पुढे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) सुटतो. भाग दोन टप्प्यांत कापा. आधी मिलिमीटरभर देठ ठेवून, मग तो देठ पात्याने आणि वॉटर पेपरने. एकदम भागाला लागून कापलं की प्लास्टिक फाटून खळगा पडतो.

खालच्या हलला चाकांचे आर्म (चाकं ज्यांवर बसतात ते दांडे) लावणं ही जोडणीतली सगळ्यात नाजूक जागा. एक आर्म अर्धा मिलिमीटर वर राहिला तर ते चाक कायमचं अधांतरी दिसतं. घट्ट सिमेंटने सगळे आर्म लावा, चाकं न चिकटवता चढवा, गाडी काचेवर ठेवा आणि दहाही चाकांच्या जोड्या काचेला टेकतात का ते डोळे काचेच्या पातळीला आणून बघा. सिमेंट ओला आहे तोवर दुरुस्ती होते. मग हलमध्ये थोडं वजन ठेवून रात्रभर तसंच सोडा. चाकं रंगानंतरच पक्की करा. रबरी कडेवरची साच्याची रेघ काढताना चाक ड्रिलच्या बिटावर किंवा टूथपिकवर फिरवत घासा. एकाच जागी घासलं की तिथे सपाट पट्टा पडतो.

तोफेची नळी दोन अर्ध्यांत आली असेल तर जोडताना सिमेंट किंचित जास्त घ्या आणि दाबून वितळलेलं प्लास्टिक सांध्यातून बाहेर येऊ द्या. एक दिवस वाळल्यावर ते कापून टाका आणि वॉटर पेपरची बारीक पट्टी नळीभोवती गुंडाळून पुढेमागे ओढा. नळी गोल राहते. सांधा लगेच घासायला घेतला तर आठवड्याने तिथेच बारीक चर उमटतो, कारण आतलं प्लास्टिक अजून आकसत असतं.

किटमधल्या दांड्या बहुधा जाड असतात. वायरमधली अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार योग्य जाडीची आहे. चिमट्यात वाकवा, ०.५ मिमीची भोकं पाडून फेविक्विकने बसवा. ओढण्याच्या दोरखंडासाठी किटमधला धागा वापरू नका, त्याचे तंतू रंगानंतर उभे राहतात. बारीक तांब्याच्या तारांचे पदर पिळून केलेला दोर कितीतरी चांगला दिसतो आणि वाकवला तसा राहतो.

हल, टरेट, चाकं, ट्रॅक आणि इंधनाचे पिंप वेगवेगळे ठेवून रंगवा. पिंपांमागे एअरब्रश पोचत नाही.

टरेटचा पोत

ओतीव टरेट खडबडीत असतो. बऱ्याच किटमध्ये तो गुळगुळीत किंवा फारच हलका येतो. एका वाटीत मॉडेलची पुट्टी घेऊन तीत पातळ सिमेंट घाला, ब्रशने सहज पसरेल इतकं. हाताच्या तळव्याएवढा भाग एका वेळी न घेता रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर हे मिश्रण लावा आणि लगेच कडक केसांच्या जुन्या ब्रशने उभे ठोके मारत जा. सगळा टरेट एकसारखा होऊ देऊ नका, खऱ्या ओतकामात काही ठिकाणी खरखर जास्त असते. वाळल्यावर ६०० नंबरने हलका हात फिरवून टोकं मोडा. तोफेच्या बुडाशी असलेल्या ओतीव मॅन्टलेटलाही हाच पोत द्या. टरेटच्या छताच्या सपाट प्लेट आणि हल मात्र जसेच्या तसे ठेवा, ते लाटलेलं पोलाद आहे.

टरेटच्या बाजूने जाणारी उंचवट्याची रेघ दिसली तर किटचा दोष समजून घासून टाकू नका. खऱ्या साच्याचे भाग जिथे मिळत तिथे अशी रेघ उरायची आणि कारखान्यागणिक तिची जागा वेगळी असायची. नेमक्या गाडीचा फोटो असेल तर तो बघूनच ठरवा.

ओतीव आणि लाटलेल्या पोलादातला फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला एक फेरी करा. वेल्डची जाडी, झाकणांच्या कडा, ओतकामाची खरखर तिथे हाताच्या अंतरावर दिसते. रंगासाठी मात्र संग्रहालयातली गाडी आदर्श धरू नका, तिथे वर्षानुवर्षे थरावर थर दिलेले असतात.

ट्रॅक

व्हिनाइलचा अखंड पट्टा असेल तर टोकं जोडून तो चढवा, मग वरचा भाग दाबून चाकांच्या माथ्यावर फेविक्विकने चिकटवा. सुकेपर्यंत फेंडर आणि ट्रॅकच्या मध्ये स्पंजचे तुकडे कोंबून ठेवले की झोल टिकतो.

सुट्या कड्यांचा ट्रॅक जास्त खरा दिसतो. सरळ पट्टीला टेकवून कड्या ओळीने जोडा, घट्ट सिमेंट लावा आणि साधारण अर्धा तास थांबा. सांधे धरतात पण अजून वाकतात, त्याच वेळी पट्टा चाकांभोवती गुंडाळा. आधी ड्राइव्ह चाकात शिंगं बसवा, मग पुढे या. झोल देऊन टेपने बांधा, रात्रभर ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह चाकासकट ट्रॅक काढून वेगळा रंगवा. लांबी जास्त झाली तर एक कडी काढून चालत नाही. दोन काढाव्या लागतात, नाहीतर दोन शिंगं किंवा दोन सपाट कड्या शेजारी येतात आणि जाणकाराची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. थोडा फरक आयडलर पुढेमागे करून भागतो.

मूळ रंग

प्रायमर राखाडी किंवा काळपट तपकिरी. पातळ दोन हात द्या आणि उजेडात तिरकं धरून सांधे तपासा, राहिलेली भेग याच वेळी दिसते.

सोव्हिएत हिरव्यासाठी, म्हणजे ४बीओ नावाच्या रंगासाठी, तामिया कंपनीचा गडद हिरवा एक्सएफ-६१ पाच भाग आणि गडद पिवळा एक्सएफ-६० दोन भाग हे मिश्रण चांगलं जमतं. टाकाऊ प्लास्टिकच्या चमच्यावर मारून, सुकू देऊन बघा. सुकल्यावर छटा बदलते, आणि पुढचे वॉश (खाचांत भरायचे पातळ गडद रंग) गाडी आणखी गडद करणार आहेत, म्हणून आत्ता डोळ्याला थोडी फिकी वाटली तरच बरोबर. रंग आणि थिनर निम्मे-निम्मे, दुधाइतका पातळ, ०.३ मिमी नोझल, दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत आला तर रंग हवेतच सुकतो आहे: थिनर वाढवा किंवा जवळ या. कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर दाब जास्त किंवा रंग फार पातळ.

मूळ हात पूर्ण झाला की त्याच रंगात एक्सएफ-६० चे आणखी काही थेंब घालून वरच्या आडव्या पृष्ठांच्या मध्यभागी हलका फवारा द्या. ऊन आणि पाऊस वरूनच येतात, म्हणून छत आणि डेक फिके आणि खालचे भाग गडद. पांढरा मिसळून फिकट करू नका, हिरवा खडूसारखा दिसायला लागतो.

एअरब्रश नसेल तर ब्रशने चालतं, पण तामियाचे अॅक्रिलिक ब्रशला त्रास देतात. दुसरा हात पहिल्याला उचलतो. ब्रशसाठी व्हॅलेहोसारखे पाण्यात मिसळणारे रंग घ्या, पातळ तीन-चार हात द्या, प्रत्येकामध्ये अर्धा तास.

टरेटवरचा पांढरा पट्टा

बर्लिनच्या लढाईत दोस्त विमानांना ओळख पटावी म्हणून बऱ्याच सोव्हिएत रणगाड्यांच्या टरेटभोवती पांढरा पट्टा आणि छतावर पांढरा क्रॉस काढला होता. तो घाईत, ब्रशने, हाताने मारलेला. टेप लावून धारदार कडा काढलात तर चुकलं. पेन्सिलने पुसट खूण करा आणि मळकट पांढरा रंग बारीक चपट्या ब्रशने दोन पातळ हातांत लावा. ब्रशच्या रेघा आणि थोडी वाकडी कड राहू द्या. पट्टा दांड्यांवरूनही गेलेला दाखवा. लढाईआधी थोडेच दिवस तो मारलेला होता, म्हणून त्याच्यावर धूळ आणि काजळी भरपूर टाका, पण हिरव्यासारखा झिजवू नका.

डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, लावायच्या जागेवर आधी चकचकीत क्लिअर (पारदर्शक थर) मारा. खरखरीत पृष्ठावर डीकलखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी चमक दिसते. ओतीव पोतावर डीकल बसवायला डीकल मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचे दोन-तीन हात लागतात. सुरकुती पडली तर हात लावू नका, वाळताना ती आपोआप बसते.

वॉश आणि ओघळ

सगळ्या गाडीवर सॅटिन किंवा ग्लॉस क्लिअरचा पातळ हात द्या आणि पूर्ण दिवस वाळवा. ट्यूबमधला बर्न्ट अंबर ऑइल रंग, त्यात चिमूटभर काळा, आणि बिनवासाचा व्हाइट स्पिरिट, साधारण एकास नऊ. हे सगळीकडे फासायचं नाही. बारीक ब्रशचं टोक फक्त बोल्ट, वेल्ड, बिजागरी आणि झाकणांच्या खाचेला टेकवा, द्रव आपोआप धावतो. वीस मिनिटांनी स्पिरिटने किंचित ओला ब्रश घेऊन बाहेर पसरलेलं पुसा. हार्डवेअरचं टर्पेंटाइन तेलकट थर मागे ठेवतं, ते टाळा. उघड्या, ताणात असलेल्या प्लास्टिकवर वॉश साचला तर प्लास्टिक तडकतं. आर्मच्या बुडाशी आणि ड्राइव्ह चाकाच्या आसापाशी हे हमखास होतं, तिथे रंगाचा थर नीट बसलाय ना ते बघूनच वॉश टेकवा.

ओघळांसाठी तोच ऑइल रंग बिंदूबिंदूने उभ्या आणि उतरत्या प्लेटवर लावा आणि स्वच्छ, जवळजवळ कोरड्या चपट्या ब्रशने वरून खाली ओढा. पाणी उतार धरून सरळ खाली जातं, म्हणून हलच्या तिरक्या बाजूवर सगळे ओघळ समांतर हवेत. लांबी आणि दाटपणा बदलता ठेवा. प्रत्येक ओघळ कुठूनतरी सुरू व्हायला हवा: बोल्ट, दांडीचं बूड, पिंपाची पट्टी. मोकळ्या प्लेटच्या मध्यातून निघालेला ओघळ खोटाच दिसतो.

उडालेला रंग

फोमचा छोटा तुकडा तोडा, एक्सएफ-१० या तपकिरी रंगात थोडा काळा घालून त्यात बुडवा, बहुतेक रंग कागदावर टिपून टाका आणि मग झाकणांच्या कडा, फेंडरची टोकं, ड्रायव्हरच्या झाकणाभोवती हलके टेकवत जा. मोठे ठिपके ०००० ब्रशने. आधी मूळ हिरव्याच्या फिक्या छटेने वरवरचे ओरखडे काढा आणि त्यातल्या काहींच्याच मध्यभागी गडद तपकिरी भरा. नुसता तपकिरी ठिपका चिकटवल्यासारखा दिसतो. चंदेरी रंग इथे नको. बोट फिरून घासलेल्या जागांना, म्हणजे दांड्या आणि झाकणांच्या मुठींना, मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळा. पोलादाची ती मंद चमक रंगाने येत नाही.

एक्झॉस्टची नळकांडी मात्र खरोखर गंजतात, कारण उष्णतेने रंग जळतो. तिथे तपकिरी, नारिंगी आणि काळा असे पिगमेंट (कोरडी रंगपूड) ओल्या रंगावर टोचा. मागच्या प्लेटवर दोन्ही तोंडांभोवती काळपट तपकिरी काजळीचा फवारा द्या, एकदम पातळ, तीन-चार वेळा.

चिखल आणि विटांची धूळ

इथे वेळ द्या, गाडीची सगळी कहाणी या थरात आहे. ओडरचं खोरं आणि १६ ते १९ एप्रिलची झीलोव टेकड्यांची लढाई पार करून हे रणगाडे शहरात आले. म्हणजे खाली वसंतातला गडद चिखल वाळलेला, आणि त्यावर पडलेल्या इमारतींची धूळ: वीट, चुना, सिमेंट.

दख्खनची काळी किंवा कोकणची तांबडी माती इथे रंगाने चालणार नाही, आणि अंगणातल्या मातीचे कण १/३५ मध्ये दगड होतात. प्लास्टर ऑफ पॅरिस दोन भाग, तपकिरी-राखाडी पिगमेंट एक भाग, चिमूटभर बारीक चाळलेली वाळू आणि अॅक्रिलिक मॅट मीडियम असं मिश्रण करा. फेव्हिकॉल वापरलात तर वाळल्यावर चकाकी येते. कडक ब्रशवर हे मिश्रण घेऊन एअरब्रशच्या नुसत्या हवेने ते चाकांमागच्या हलवर, फेंडरच्या आत आणि मागच्या प्लेटच्या खालच्या भागावर उडवा. दिशा खऱ्या चाकांची ठेवा, खालून वर आणि मागे. वरच्या भागांवर कागद झाका. थर मिलिमीटरपलीकडे फक्त आर्ममागच्या कोपऱ्यांत जाऊ द्या. चाकांची रबरी धार ओल्या बोटाने पुसून काढा, ती ट्रॅकवर सतत घासते, चिखल टिकत नाही.

धुळीसाठी खरी वीट कुटून वस्त्रगाळ केलेली पूड चांगली चालते. एक भाग विटेची पूड, दोन भाग फिका राखाडी पिगमेंट. नुसती वीट वापरली तर गाडी गुलाबी दिसते. मऊ ब्रशने डेकच्या कोपऱ्यांत, टरेटच्या बुडाशी, फेंडरवर आणि दोरखंडाच्या वेटोळ्यांत सोडा. मग व्हाइट स्पिरिटचा थेंब कडेला टेकवा, तो स्वतः आत शिरतो. वरून थेंब सोडला तर पूड बाजूला ढकलली जाऊन भरतीची रेघ उमटते. ओली असताना धूळ गायब झाल्यासारखी वाटते. दोन तास वाळू द्या, मगच आणखी घालायची की नाही ते ठरवा. ज्या डेकवर सैनिक बसत तिथे मधली जागा कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि धूळ कोपऱ्यांत राहू द्या.

ट्रॅकला गडद तपकिरी मूळ रंग, त्यावर तोच चिखल. नंतर जमिनीला लागणारे उंचवटे आणि शिंगांच्या दोन्ही बाजू शिशाने चमकवा. चाकं रबराची असल्याने ट्रॅकची आतली बाजू लखलखत नाही, फक्त गुळगुळीत आणि मळकट होते.

पावसाळ्यात हे काम करत असाल तर एक काळजी घ्या. हवा दमट असताना लॅकर आणि मॅट क्लिअर पांढुरके होतात, कारण थिनर उडताना पृष्ठ थंड पडून त्यावर पाणी धरतं. पावसाची झड असेल त्या दिवशी फवारा मारू नका. पांढुरकेपणा आलाच तर कोरड्या दिवशी हळू सुकणाऱ्या थिनरचा पातळ हात मारल्यावर तो बहुधा जातो. प्लास्टर आणि ऑइल रंगांना जून-जुलैत दुप्पट वेळ द्या.

शेवटचे ओले डाग

मॅट क्लिअरचा हात धुळीआधी द्यायचा, नंतर नाही. वरून मारला की पिगमेंट गडद होऊन निम्मं नाहीसं होतं. तेलाचे डाग मात्र सगळ्यांत शेवटी, म्हणजे त्यांची चकाकी कोणी झाकत नाही. बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा आणि चकचकीत एनॅमल क्लिअर मिसळा. इंधनाच्या पिंपांच्या झाकणाभोवती, इंजिन डेकवरच्या भरण्याच्या झाकणापाशी आणि चाकांच्या मधल्या टोपीवर ठिपके द्या. आधी पातळ आणि मोठा डाग, तो सुकला की त्याच्या आत दाट आणि लहान. पिंपावरचा ओघळ पिंपाच्या गोलाईने खाली जाऊन तळाशी थांबतो, हे विसरू नका. दहापैकी दोनच चाकांच्या टोप्या गळक्या दाखवा.

आता चाकं आणि ट्रॅक बसवा, टरेट ठेवा, आणि ट्रॅक-चाकांच्या जोडावर चिखलाचं उरलेलं मिश्रण थोडं टोचून सांधा लपवा. टरेटवरचा अँटेना स्प्रू मेणबत्तीच्या वर धरून ओढून करा. एकसमान ओढला की टोकाकडे निमुळता होतो. तो अगदी शेवटी लावा, नाहीतर गाडी हाताळताना पहिल्यांदा तोच मोडतो.